एकाच आळीतला पत्रव्यवहार

हिवरदरीचं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं, त्या साली गावात चार बायकांची नावं तोंडोतोंडी झाली होती. त्या चौघींपैकी एकीलाही कुणी विचारलं नव्हतं. दुर्गाबाई येळवंडे त्यातल्याच एक. नवरा बबनराव चाकणच्या एका कारखान्यात परमनंट, मुलगी स्वरूपा कॉलेजात, निम्मी जमीन एमआयडीसीत गेलेली आणि रस्त्याकडेचा एक तुकडा शिल्लक. घर कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणूनच ते नाव सगळ्यांना चाललं.

नाव काढलं होतं मारुतराव टेमगिरेंनी. मारुतराव आणि बबनराव एका वर्गात शिकले, एका विहिरीत पोहायला शिकले. त्यांची घरं एकाच आळीत, मध्ये पाचसहा उंबरे. मारुतरावांचं पॅनेल निवडून आलं, ते उपसरपंच झाले आणि दुर्गाबाई सरपंच. गाव धरून चाललं होतं की सही बाईची असेल, कारभार मारुतराव करतील आणि खुर्चीत बबनराव बसतील.

पहिल्या मासिक सभेला तसंच घडत होतं. आधीचे सरपंच यशवंतराव हसत म्हणाले, "या बबनराव, बसा. वैनींना इथं बाजूला सतरंजी टाका रं."

बबनराव अवघडून उभे राहिले. दुर्गाबाई खरोखरच सतरंजीकडे निघाल्या होत्या. तेवढ्यात मारुतराव दारातून म्हणाले, "खुर्ची वैनींची हाय. बबन चा पिऊन कंपनीत जाईल."

"व्हय बाबा, माझी सेकंड शिफ्ट हाय," बबनराव म्हणाले आणि सुटल्यासारखे बाहेर पडले.

दुर्गाबाई खुर्चीत बसल्या. त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. पुढं आयुष्यात मारुतरावांबद्दल त्यांना कितीही वाईट वाटलं, तरी तो दिवस त्या कधी पुसू शकल्या नाहीत. तो दिवस नसता, तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

दुर्गाबाईंचं शिक्षण दहावीपर्यंत. अक्षर टपोरं. गावच्या हद्दीत गाड्यांचे सुटे भाग करणारी एक मोठी कंपनी होती आणि तिनं ग्रामपंचायतीची घरपट्टी कैक वर्षं थकवली होती. पंचायत नव्या दरानं मागत होती, कंपनी जुन्या दराशिवाय बोलत नव्हती. हे भांडण आधीच्या सरपंचांनी गुंडाळून ठेवलं होतं. दुर्गाबाईंनी ते उलगडलं आणि पत्रं लिहायला बसल्या.

पहिलं पत्र त्यांनी मारुतरावांच्या ओट्यावर बसून वाचून दाखवलं. मारुतराव डोळे मिटून ऐकत होते.

"वैनी, लई गोड लिवलंय," ते म्हणाले. "सरकारला गोड कळत न्हाई. काय पायजे ते पहिल्या वळीत लिवा. का पायजे ते दुसऱ्या वळीत. आन् न्हाई मिळालं तर आपण काय करणार, ते शेवटच्या वळीत."

"आन् नमस्कार?"

"नमस्कार असू द्या. त्याला पैसं पडत न्हाईत."

दोघं हसले. आतून मारुतरावांच्या बायको सावित्रीबाई चहा घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, "तुमी दोघं असं बसलात की मला वाटतं शाळा भरली."

ती शाळा दोन वर्षं भरली. गटविकास अधिकाऱ्यांना, जिल्हा परिषदेला, आमदारांना, मंत्र्यांना पत्रं गेली. उत्तरं यायची ती एकाच साच्याची. "आपले पत्र मिळाले. विषय विचाराधीन आहे." हे वाक्य आलं की मारुतराव ते कीर्तनकाराच्या चालीत म्हणायचे आणि दुर्गाबाईंना पदर तोंडाशी धरावा लागायचा. पण त्या थांबल्या नाहीत. एकदा आमदारांनी तालुक्याच्या बैठकीत विचारलं, "हिवरदरीची पत्रं कोण लिहितं? वकील ठेवलाय का?" मारुतरावांनी नुसतं बोट दाखवलं. सगळ्या माना वळल्या. त्या दिवशी दुर्गाबाईंना पहिल्यांदा वाटलं की आपल्याला काहीतरी येतं.

शेवटी कंपनी वाकली. नव्या दराविरुद्ध ती कोर्टात गेलीच होती, पण वरून दाब आल्यावर तिनं थकबाकीची मोठी रक्कम भरली. भरताना हरकत नोंदवली की निकाल आमच्या बाजूनं लागला, तर पैसे परत करावे लागतील. खेडच्या वकिलांनी दुर्गाबाईंना बजावलं, "हे पैसे बँकेत पडू द्या. निकाल लागेपर्यंत ते तुमचे नाहीत." त्यांनी मान डोलावली. त्यांना ते पुरतं समजलं होतं. नंतर कुणी म्हणालं की बाईला कळलं नाही, तर त्या स्वतःच म्हणत, "कळलं व्हतं की."

मग तो उन्हाळा आला. गावच्या विहिरी खोल गेल्या. जुन्या गावठाणाला कसंबसं पाणी होतं, पण माळावरच्या चाळींत काही नव्हतं. तिथं मराठवाड्यातून आलेली कामगारांची कुटुंबं राहायची. टँकर आला की बाया हंडे घेऊन धावायच्या. एका दुपारी टँकर मागं घेताना गर्दीत अंजली नावाची परभणीकडची बाई पडली आणि तिचा उजवा हात चाकाखाली आला. दुर्गाबाईंनीच तिला जीपमध्ये घालून चाकणच्या दवाखान्यात नेलं. अंजली रडत नव्हती. ती एकसारखी विचारत होती, "मॅडम, हंडा कुठाय माझा? कुणी नेला तर न्हाई?" तो हात पुढं कोपराखाली काढावा लागला.

मारुतराव तेव्हा मुतखड्याच्या ऑपरेशनसाठी पुण्यात दवाखान्यात होते. दुर्गाबाईंनी तिथं चिठ्ठी पाठवली. काय झालं ते लिहिलं, आणि विचारलं की कंपनीच्या पैशातून माळापर्यंत पाइपलाइन टाकली तर? दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकाच्या हाती उत्तर आलं.

"वहिनी, पैसे बँकेत ठेवून माणसं मारायची काय? काम सुरू करा. सभा नंतर घेऊ, मी सभासदांना सांभाळतो. उलट झालं तर निम्मं माझ्या अंगावर. तुमचा भाऊ, मारुती."

तेवढा धीर त्यांना पुरला. खरं तर मारुतरावांनी नको म्हटलं असतं, तरी त्या थांबल्या असत्या की नाही, कोण जाणे. अंजलीचा तो प्रश्न त्यांच्या कानातून जात नव्हता. तातडीचं काम म्हणून त्यांनी आपल्या अधिकारात मंजुरी दिली. कागदावर सह्या दोनच, त्यांची आणि ग्रामसेवकाची. मंजुरीसाठी बोलावलेल्या सभेला यशवंतरावांनी आपले लोक येऊ दिले नाहीत. मारुतराव अजून दवाखान्यातच होते, कोरम भरला नाही. सभा तहकूब झाली, पुढं राहूनच गेली. पाइपलाइन मात्र झाली. माळावर नळाला पहिलं पाणी आलं तेव्हा गढूळ होतं, तरी बायांनी ते घागरी भरभरून घेतलं. दवाखान्यातून सुटलेले मारुतराव पोट धरून बघायला आले होते. "वैनी," ते म्हणाले, "आपलं काम झालं."

दुर्गाबाईंची मुदत संपली. त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. स्वरूपाचं लग्न झालं, ती काळेवाडीला गेली. जावई प्रीतम एका वर्कशॉपमध्ये फिटर. सगळं रांगेला लागलंय असं वाटत असताना कोर्टाचा निकाल लागला. पंचायतीनं लावलेला दर नियमात बसत नाही, जादा घेतलेली रक्कम कंपनीला परत करा. पंचायतीच्या खात्यात ती रक्कम होती कुठं? चौकशी लागली. निकाल लागेपर्यंत न वापरायचे पैसे कुणी, कुणाच्या परवानगीनं वापरले? कागदावर दोन सह्या होत्या.

नोटीस आली त्या दिवशी दुर्गाबाई तडक मारुतरावांच्या घरी गेल्या. सावित्रीबाईंनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत. "ते न्हाईत घरात," एवढंच. मागच्या खोलीतून मारुतरावांच्या खोकल्याचा आवाज आला. दोघींनीही तो ऐकला. दुर्गाबाई मागं वळल्या.

मारुतरावांचं सगळंच बदललं होतं. त्यांनी पक्ष बदलला होता, पंचायत समितीचं तिकीट जवळजवळ हातात आलं होतं आणि त्या नव्या पक्षात यशवंतरावांचं वजन होतं. दुर्गाबाईंनी फोन लावले, तर उचलले जात नव्हते. एकदा रस्त्यात गाठ पडली, तेव्हा मारुतराव इकडंतिकडं बघत घाईघाईनं म्हणाले, "वैनी, फोनवर काय बोलू नका. आजकाल रेकॉर्ड व्हतंय सगळं. व्हॉट्सॲपचं तर विचारूच नका. काय असंल ते लिवून पाठवा. पोष्टानं."

असा त्या आळीत पत्रव्यवहार सुरू झाला. दुर्गाबाई पत्र टाकायच्या ते चाकणला जायचं, तिथून शिक्का घेऊन परत हिवरदरीला यायचं आणि त्यांच्याच दारावरून पाचसहा उंबरे पुढं जायचं. पोस्टमन भैरू एकदा न राहवून म्हणाला, "काकी, द्या माझ्याकडं, आत्ता देतो की. तिकिटाचं पैसं कशाला?"

"राहू दे भैरू," त्या म्हणाल्या. "जाऊ दे फिरून."

त्यांनी पत्रात रडगाणं गायलं नाही. पहिल्या ओळीत काय हवं ते लिहिलं. चौकशीत येऊन खरं सांगा. दुसऱ्या ओळीत का ते लिहिलं. शेवटची ओळ त्या दरवेळी लिहायला घेत आणि सोडून देत. आपण काय करणार, हे त्यांनाच ठरवता येत नव्हतं. दवाखान्यातून आलेलं मारुतरावांचं ते जुनं पत्र त्यांच्याकडं होतं आणि ते आहे हे मारुतरावांना ठाऊक होतं. वकिलांनी तर सरळ सांगितलं होतं, "ते पत्र दाखल करा. निम्मा बोजा तिकडं जाईल. कदाचित जास्तच."

मारुतरावांची उत्तरं यायची. दवाखान्यातल्या त्या पत्राखाली "तुमचा भाऊ" होतं. या पत्रांखाली सहीच नसायची. चौकशीच्या तारखेआधी आलेल्या पत्रात लिहिलं होतं, "निवडणुकीच्या तोंडावर ते पत्र पुढं आलं तर मी संपलो. यशवंतराव टपूनच बसलाय. निवडून आलो की निम्मी रक्कम माझी, देवाशप्पथ. आजवर माझ्या शब्दावर चाललात, एकदा आणखी चाला."

हे त्यांनी बबनरावांना वाचून दाखवलं. बबनराव चपलेचा अंगठा शिवत बसले होते.

"तुमी सांगा," दुर्गाबाई म्हणाल्या.

"मी काय सांगू? त्यो माझा लहानपणापासनंचा सोबती. आन् अडकलीस तू." त्यांनी सुई चपलेत खोचली. "तुला जे बरं वाटंल ते कर. मी हाय."

चौकशी पुण्यात होती. दुर्गाबाई पिशवीत ते पत्र घेऊन गेल्या. अधिकारी तरुण होते, आवाज मऊ होता. त्यांनी विचारलं, "बाई, हा निर्णय तुम्ही एकट्यानं घेतला? कुणाचा सल्ला, कुणाचा आग्रह होता?"

पंखा फिरत होता. दुर्गाबाईंच्या डोळ्यांपुढं ग्रामपंचायतीची ती पहिली सभा आली, सतरंजीकडे वळलेली आपली पावलं आली, दारात उभे राहिलेले मारुतराव आले. त्यांना वाटलं, ज्या माणसानं आपल्याला बसायला जागा दिली, त्याच्या पायाखालची आपण कशी काढायची? आणि तो म्हणतोय की देईन.

"एकटीनं घेतला साहेब," त्या म्हणाल्या. "पाण्याची अडचण व्हती."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं आणि खाली त्यांची सही घेतली.

बाहेर बाकावर बबनराव वाट बघत होते. परतीच्या बसमध्ये त्यांनी विचारलं, "दिलंस?"

"न्हाई."

खिडकीबाहेर भोसरीची दुकानं मागं पडत होती. "बरं केलंस का वाईट, मला काय कळत न्हाई," बबनराव म्हणाले. "पर केलंस ना, मग झालं."

मारुतराव निवडून आले. गुलालाची मिरवणूक आळीतून गेली, ढोल-ताशा होता. दुर्गाबाई दारात उभ्या होत्या. ट्रॅक्टरवर उभे असलेले मारुतराव त्यांच्या दारापाशी आल्यावर दुसऱ्या बाजूच्या लोकांना हात जोडू लागले. घर मागं पडेपर्यंत त्यांचे हात त्याच बाजूला जोडलेले राहिले.

वसुलीचा आदेश आला. ग्रामसेवकाची बदली होऊन त्याच्या पगारातून कापून घ्यायला सुरुवात झाली. दुर्गाबाईंच्या वाट्याला आलेली रक्कम त्यांच्या घरानं एकत्र कधी पाहिलीही नव्हती. न भरल्यास जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होईल, असं आदेशात होतं, म्हणजे सातबाऱ्यावर बोजा. त्यांनी मारुतरावांना पत्र लिहिलं. महिना गेला. दुसरं लिहिलं. मग उत्तर आलं. छापील लेटरहेड, वर पक्षाचं चिन्ह, खाली ऑफिसातल्या कुणाची तरी टाइप केलेली ओळ.

"आपले पत्र मिळाले. विषय विचाराधीन आहे."

दुर्गाबाईंनी ते दोनदा वाचलं. लिहिणारानं अजाणता लिहिलं असेल, ऑफिसात तसाच साचा असेल, असंही त्यांनी मनाशी म्हणून पाहिलं. पण या वाक्यावर ते दोघं एकत्र हसले होते. मारुतरावांनी पाठवण्याआधी ते वाचलं नसेल, तर ते एक दुःख. वाचून पाठवलं असेल, तर दुसरं. कुठलं धरावं हे त्यांना कळेना.

वकील चिडले. अपिलात ते पत्र लावायचं म्हटलं, तर जबाब आडवा येत होता. एकटीनं केलं असं सही करून सांगितलं होतं. आता दुसरं सांगितलं, तर खोटं कोणतं? पत्राशिवायच अपील दाखल झालं आणि आयुक्तांच्या कचेरीत पडून राहिलं. तोवर रस्त्याकडेचा तो तुकडा विकावा लागला. घेणाऱ्यानं घाई ओळखली आणि भाव पाडला. त्यातूनही भागेना, तेव्हा बबनरावांच्या निवृत्तीचे पैसे त्यात गेले.

बबनराव निवृत्त होऊन घरी बसायचे होते. एक म्हैस घ्यायची, असं त्यांच्या मनात होतं. त्याऐवजी ते आकुर्डीतल्या एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन झाले. खाकी शर्ट त्यांना मोठा व्हायचा. बसनं जायचे, बसनं यायचे. कधी एका शब्दानं बोलले नाहीत. दुर्गाबाईंना वाटायचं, एकदा तरी भांडावं यांनी. एकदा तरी म्हणावं की तुझ्यापायी. ते घरी आले की चपला नीट कोपऱ्यात ठेवायचे आणि विचारायचे, "जेवलीस का?"

एका सकाळी गेट उघडताना त्यांच्या छातीत कळ आली. सोसायटीतल्या एका मुलीनं, प्राजक्तानं, त्यांना आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं. रस्त्यातच संपलं होतं.

त्या रात्री स्वरूपा काळेवाडीहून आली. आईच्या गळ्यात पडून रडली, आणि रडतारडता तिच्या तोंडून गेलं, "आई, तू त्यांना वाचवलंस आणि माझ्या बाबांना..." पुढं तिनं ओठ आवळले. वाक्य तिथंच राहिलं. स्वरूपानं नंतर कितीदा तरी माफी मागितली, पण ते अर्धं वाक्य पुढं कितीतरी महिने दुर्गाबाई मनातल्या मनात पूर्ण करत राहिल्या.

दशक्रिया देहूला इंद्रायणीच्या घाटावर झाली. आमच्या भागात दशक्रियेला माणूस साधा असला तरी पुढारी येतात, माईकवर श्रद्धांजली वाहतात. विधी उरकले, लोक पायऱ्यांवर बसले, आणि निवेदकानं पुकारलं, "यानंतर पंचायत समितीचे सदस्य, बबनरावांचे बालमित्र मारुतराव टेमगिरे."

मारुतराव उठले. पांढरा सदरा, केस पार पिकलेले. माईक हातात घेऊन ते म्हणाले, "बबन माझा लंगोटीयार. आमी एका विहिरीत..." आणि त्यांचा आवाज फाटला. घसा खाकरून ते पुन्हा म्हणाले, "बबननं आयुष्यात कुणाचं एक पैशाचं..."

"भावजी."

बायकांमधून दुर्गाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू गेला.

"ठिवा तो माईक खाली. त्यांच्याबद्दल आज तुमी बोलू नका. ते जित्ते व्हते तवा बोलायचं व्हतं. तवा तुमी लेटरहेड पाठवलं."

कुणीतरी पुढं होऊन म्हणालं, "अहो काकी, ही वेळ न्हाई." यशवंतराव मान खाली घालून हसू दाबत होते, ते दुर्गाबाईंना दिसलं आणि आपल्याच बोलण्याची त्यांना किळस आली. मारुतरावांनी माईक निवेदकाच्या हातात दिला. ते पायऱ्या चढून गेले, गाडीत बसले नाहीत. चपला घाटावरच राहिल्या होत्या. लोकांनी पाहिलं, ते अनवाणी रस्त्यानं चालत गेले.

पुढच्या महिन्यात मारुतराव स्वतः आयुक्तांच्या कचेरीत गेले. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं की काम सुरू करायला मी सांगितलं होतं, निम्मी जबाबदारी घेतली होती, बाईंनी मला वाचवण्यासाठी खोटा जबाब दिला. पडून राहिलेलं अपील हललं. निकाल येईपर्यंत वर्ष गेलं. निम्मी रक्कम मारुतरावांकडून वसूल करायची आणि तेवढी दुर्गाबाईंना परत द्यायची, असा तो आदेश होता. दुर्गाबाईंनी खोटा जबाब दिला म्हणून त्यात ताशेरेही होते. पक्षानं मारुतरावांकडे पाठ फिरवली. यशवंतरावांनी आता तरुण माणसं पुढं आणायची भाषा सुरू केली. टेमगिऱ्यांचा मळा विकला गेला.

गाव विचित्र असतं. इतकी वर्षं दुर्गाबाईंची हळहळ करणारे लोक आता म्हणू लागले, "बाईनं भर दशक्रियेत माणसाला उभा चिरला. देवाघरी गेलेल्या नवऱ्याचीही लाज न्हाई." त्या दुकानात गेल्या की बोलणं थांबायचं.

एक दिवस सावित्रीबाई दारात आल्या. दुर्गाबाईंना वाटलं, भांडायला आल्या. पण त्या उंबऱ्यातच बसल्या. "जेवत न्हाईत," त्या म्हणाल्या. "कुणाशी बोलत न्हाईत. तुमी एकदा या. मी तुमाला त्या दिवशी घरात घेतलं न्हाई, तरी या."

दुर्गाबाई गेल्या. मारुतराव ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. किती बारीक झाले होते. दुर्गाबाई समोर बसल्या. सावित्रीबाईंनी चहा आणून ठेवला आणि आत गेल्या.

"वैनी," मारुतराव म्हणाले, "मी उशीर केला."

"व्हय भावजी. उशीर झाला."

"मला रोज वाटायचं, उद्या जाऊ. उद्या सांगू. बबन वॉचमन झाला ते मला कळलं, त्या दिवशी मी आकुर्डीपर्यंत गेलो व्हतो. समोरच्या बाजूला उभा राहिलो. त्यो गेट उघडत व्हता, बंद करत व्हता. मी तसाच माघारी आलो."

दुर्गाबाईंनी कपाकडे पाहिलं. हे बबनरावांना ठाऊक होतं का? त्यांनी समोरच्या बाजूला उभा असलेला माणूस पाहिला असेल का, आणि पाहूनही घरी येऊन फक्त जेवलीस का एवढंच विचारलं असेल का? हे आता कुणालाच विचारता येण्यासारखं नव्हतं.

"माफ करा म्हणायला मला तोंड न्हाई," मारुतराव म्हणाले.

"मग म्हणू नका," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "मला करता येतंय का न्हाई, ते मलाच म्हाईत न्हाई. जेवत जावा. सावित्रीबाईंना त्रास देऊ नका."

त्यांनी चहा संपवला आणि उठल्या. आळीतून घराकडे जाताना त्यांना एकाएकी रडू कोसळलं. बबनराव गेल्यापासून त्या अशा रडल्या नव्हत्या. रडण्याचं कारण त्यांना दाराशी पोचल्यावर उमगलं. एवढं सगळं झालं, कोर्ट, जबाब, सातबारा, घाट, हे सगळं बसून ज्याच्यापाशी उकलून बोलावं, ज्याला ते शब्दाशब्दाला समजलं असतं, असा या गावात एकच माणूस होता. तो मागं ओट्यावर बसला होता आणि त्याच्यापाशी बोलता येत नव्हतं.

परतीची रक्कम हप्त्यांनी येते. तुकडा गेला तो गेलाच. त्याच्यावर आता एका कंपनीचं गोदाम उभं आहे. दुर्गाबाई बहुतेक काळेवाडीला स्वरूपाकडे असतात. नातीला शाळेत सोडतात, आणतात, भाजी निवडतात. स्वरूपा त्यांना जपते, जरा जास्तच जपते. यात्रेला त्या हिवरदरीला जातात, घर झाडून घेतात. आळीत मारुतराव भेटले तर थांबतात. पाऊस कसा आहे, मुलं कशी आहेत, गुडघा दुखतोय का, इतकं बोलणं होतं. मग मारुतराव म्हणतात, "या वैनी," आणि त्या म्हणतात, "येते भावजी," आणि दोघं आपापल्या दाराकडे वळतात.